हंड्याच्या डोंगराचे बंदर

बंदर हा देशरूपी घराचा उंबरठा होय. उंबरठ्याचे महत्त्व आपल्या घरांतून कुणाला सांगावयास नको. त्यावर हळदकुंकू वाहावयाचे, त्यापुढे रांगोळी घालावयाची आणि तिन्हीसांजेला त्यावर बसू नये म्हणून मुलांना बजावावयाचे, हे सारे आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. पाहुणा येतो तो उंबरठा ओलांडून, आणि घरावर संकट येते तेही बहुधा त्याच वाटेने. म्हणून दार कायमचे लावून चालत नाही आणि सताड उघडे टाकूनही भागत नाही. ज्या गावाने हा दाराचा संसार शेकडो वर्षे केला, अशा एका दूरच्या बंदराची कथा या महिन्यात आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते बंदर म्हणजे कोरियाच्या आग्नेय टोकावरील बुसान.

आज बुसान हे दक्षिण कोरियाचे सर्वांत मोठे बंदर आणि सेऊलच्या खालोखालचे शहर आहे. परंतु त्याच्या आजच्या वैभवाशी आम्हांला येथे फारसे कर्तव्य नाही. नकाशा उघडून पाहिला तर बुसानसमोरच्या सामुद्रधुनीत त्सुशिमा नावाचे लांबट बेट दिसेल. बेट जपानचे, पण जपानच्या मोठ्या भूमीपेक्षा ते कोरियालाच अधिक जवळ, बुसानपासून अवघ्या ५० किलोमीटरांवर. आकाश निरभ्र असले म्हणजे एका किनाऱ्यावरून दुसरा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. बुसानची सारी जुनी कथा या ५० किलोमीटर पाण्यात सामावलेली आहे.

प्रथम नावाविषयी. ‘सान’ म्हणजे डोंगर आणि ‘बु’ म्हणजे स्वयंपाकाचा हंडा. बंदरामागील एका टेकडीचा आकार पालथ्या हंड्यासारखा भासला म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. त्याआधी हेच नाव ‘संपन्न डोंगर’ अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहीत; पंधराव्या शतकात हंड्याचे अक्षर रूढ झाले. संपत्ती गेली आणि हंडा राहिला, असे कुणी विनोदाने म्हणेल. पण हंडा चुलीवर असणे हीच खरी संपत्ती, हे आमच्या गृहिणी वाचक जाणतातच.

या किनाऱ्यावरची वस्ती फार पुरातन आहे. बंदराच्या तोंडाशी योंगदो नावाचे बेट आहे. तेथील दोंगसाम-दोंग या ठिकाणी अश्मयुगीन माणसांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे थरच्या थर उत्खननात सापडले. इसवी सनापूर्वी काही सहस्र वर्षे येथे मासेमारी करणारे लोक राहत होते. त्या ढिगाऱ्यात एक मोठा शिंपला मिळाला असून त्याला दोन डोळे आणि तोंड अशी तीन भोके पाडून मुखवटा केलेला आहे. तेथेच काळ्या ज्वालामुखी काचेची हत्यारेही मिळाली. ही काच कोरियाच्या या भागातली नसून समुद्रापलीकडच्या जपानी क्यूशू बेटावरची आहे. म्हणजे राजे, सरहद्दी आणि जकाती यांचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी या पाण्यातून देवघेव चालू होती.

पुढे लोखंडाचे युग आले. तिसऱ्या शतकातील चिनी ग्रंथकाराने नोंदविले आहे की, कोरियाच्या या दक्षिण भागातले लोखंड विकत घेण्यास जपानी आणि इतर लोक येत आणि नाण्यांप्रमाणे लोखंडाच्या तुकड्यांनी व्यवहार होत. या विधानाला १९६९ साली दृश्य पुरावा मिळाला. त्या वर्षी बुसानच्या बोकछोन-दोंग भागात घरे बांधण्यासाठी टेकडी खणू लागले, तो जुन्या गाया राज्यांच्या काळची थडगी उघडी पडली. चौथ्या-पाचव्या शतकांतील त्या थडग्यांतून लोखंडी चिलखते, शिरस्त्राणे आणि लोखंडाच्या पट्ट्या बाहेर आल्या. शेजारच्या किमहे गावी याच गाया काळाची एक आख्यायिका आहे. ‘आयुता’ नावाच्या दूर देशाची राजकन्या हो ह्वांग-ओक नौकेतून तेथे उतरली आणि राजा सुरो याची राणी झाली, असे तेराव्या शतकातील एका कोरियन ग्रंथात आले आहे. आयुता म्हणजे अयोध्या, असे अनेक कोरियन लोक मानतात आणि २००१ साली अयोध्येत तिचे स्मारकही उभे राहिले. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा सिद्ध झालेली नाही. पण आपल्या वंशाची आद्य माता समुद्रावरून आली असे अभिमानाने सांगणारा समाज परकीयाकडे कोणत्या नजरेने पाहत असेल, एवढे तीवरून कळते.

यानंतर सिल्ला राज्याने हा प्रदेश जिंकला आणि ७५७ साली त्याला ‘दोंगने’ हे नाव दिले. जुन्या काळी खरे गाव ते हे दोंगने. तटबंदीचे, अधिकाऱ्यांचे, किनाऱ्यापासून थोडे आत वसलेले. बुसानपो हे त्याचे बंदर. योंगदो बेटावर राजाचे घोडे चरत. तेथला घोडा इतका वेगवान की त्याची सावली मागे तुटून पडे, म्हणून बेटाचे नावच ‘सावली तोडणारे बेट’ असे पडले होते.

चौदाव्या शतकात समुद्रावर चाच्यांचा सुळसुळाट झाला. जपानी बेटांवरून निघालेल्या टोळ्या कोरियाचा किनारा लुटीत, भाताची कोठारे फोडीत, माणसे धरून नेत. त्सुशिमा डोंगराळ; तेथे भात पिकत नाही. पोटाची खळगी भरण्यासाठी एकतर व्यापार करावयाचा किंवा लूट, असा तेथला हिशेब होता. १३९२ साली गादीवर आलेल्या जोसन राजवंशाने हा हिशेब ओळखला. १४०७ मध्ये बुसानपो आणि आणखी एक बंदर जपानी व्यापाऱ्यांना खुले करण्यात आले. पुढे १४२६ साली तिसऱ्याची भर पडली. मध्यंतरी १४१९ साली कोरियाने त्सुशिमावर आरमार पाठवून चाच्यांना तडाखाही दिला. १४४३ च्या करारान्वये त्सुशिमाच्या सरदाराने वर्षाला ५० गलबते पाठवावीत आणि त्याला २०० सोक धान्य मिळावे असे ठरले. सोक म्हणजे धान्याचे एक मोठे माप, आपल्या खंडीसारखे.

प्रारंभी सारे सुरळीत चालले. पण नियम कागदावर राहिले आणि वस्ती वाढत गेली. ठरावीक घरांना दिलेल्या परवानगीवर शतकाच्या अखेरीस तिन्ही बंदरे मिळून तीन हजारांवर जपानी राहू लागले. अधिकाऱ्यांनी प्रथम डोळेझाक केली आणि मग एकदम कडक हात उगारला. १५१० साली दंगा उसळला, बुसानचा कोरियन सेनाधिकारी मारला गेला, आणि बंड मोडल्यावर बंदरे बंद झाली. पुन्हा करार, पुन्हा भांडण, असे होता होता १५४७ नंतर एकटे बुसान उघडे राहिले. या काळात सिन सुक-जू नावाचा एक विद्वान मंत्री होऊन गेला. त्याने १४७१ साली जपानविषयी ग्रंथ सिद्ध केला आणि त्यात लवकरच तीन बंदरांचे नकाशेही आले. मृत्युशय्येवर असता त्याने राजाला, जपानशी सलोखा तुटू देऊ नये, एवढेच विनविले. ही हकीकत यू सोंग-न्योंग या मंत्र्याने शंभरावर वर्षांनी आपल्या आठवणींत नमूद केली, ती मोठ्या खेदाने. कारण तो सल्ला विसरल्याचे फळ त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

ते फळ म्हणजे १५९२ चे युद्ध. आपल्याकडे त्या वेळी अकबर दिल्लीच्या तख्तावर होता. जपान एकछत्री करणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशीला चीन जिंकण्याची महत्त्वाकांक्षा झाली आणि चीनचा रस्ता कोरियातून जात होता. २३ मे १५९२ रोजी शेकडो गलबते बुसानसमोर दिसू लागली. बुसानच्या गढीचा अधिकारी जोंग बाल त्या दिवशी योंगदो बेटावर शिकारीला गेला होता. तो धावत परतला; दुसऱ्या दिवशी गढी पडली आणि तो लढता लढता मेला. तिसऱ्या दिवशी सैन्य दोंगनेच्या तटाखाली आले. जपान्यांनी फळीवर लिहून निरोप ठेवला की, लढावयाचे तर लढा, नाहीतर आम्हांस वाट द्या. गावचा अधिकारी सोंग संग-ह्यन हा पंडित, लष्करी माणूस नव्हे. मरणे सोपे आहे, वाट देणे कठीण, अशा आशयाचे उत्तर त्याने फळीवरच लिहून परत फेकले. तट कोसळला तेव्हा त्याने चिलखतावर दरबारी पोशाख चढविला, उत्तरेकडे राजाच्या दिशेने नमस्कार केला आणि आसनावर बसून मरण पत्करले. पूर्वीच्या येण्याजाण्यात त्याने सौजन्याने वागविलेला एक त्सुशिमावासी हल्लेखोरांत होता. त्याने त्याला निसटून जाण्याची खूण केली, पण सोंग हलला नाही, अशी कथा आहे. शत्रूनेही त्याचा देह सन्मानाने पुरला.

वीरांची नावे इतिहासात राहतात. साध्या माणसांची राहत नाहीत. २००५ साली बुसानमध्ये भुयारी रेल्वेचे सुआन स्थानक खणताना दोंगनेच्या तटाबाहेरचा खंदक लागला. त्यात शस्त्रे आणि चिलखते यांच्याबरोबर पुष्कळ माणसांचे सांगाडे होते. त्यांत स्त्रिया होत्या, लहान मुलेही होती. आता त्याच स्थानकात एक छोटे संग्रहालय आहे. रोजच्या कामाला जाणारी माणसे चारशे वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाला वळसा घालून गाडी पकडतात.

ई सुन-सिन या थोर सेनापतीने त्याच वर्षी बुसान बंदरात शिरून शंभरावर जपानी नौका नष्ट केल्या, तरी बंदर मात्र १५९८ पर्यंत जपान्यांच्याच हाती राहिले. हजारो कोरियन माणसे, त्यांत कुशल कुंभार, पकडून जपानला नेली गेली.

आता वाचकांना वाटेल की, यानंतर बुसानने आपले दार कायमचे लावून घेतले असेल. घडले ते निराळेच, आणि या सगळ्या कथेचे मर्म आम्हांला येथे दिसते. हिदेयोशी मेला, जपानात तोकुगावा इएयासुची सत्ता आली. त्सुशिमा उपाशी होते. कोरियाला आपली पळविलेली माणसे परत हवी होती. सामोंग या नावाने प्रसिद्ध असलेला वृद्ध बौद्ध भिक्षू १६०४ साली समुद्र ओलांडून गेला, इएयासुला भेटला आणि हजारावर बंदिवानांना घेऊन परतला. १६०७ मध्ये कोरियाचे पहिले शिष्टमंडळ जपानला गेले. त्याच्या नावातच ‘बंदिवानांना परत आणणे’ हा हेतू घातलेला होता. १६०९ मध्ये करार होऊन व्यापार पुन्हा सुरू झाला.

या समेटामागे एक लबाडी होती. दोन्ही दरबार मानापमानावर अडून बसलेले. कोणी कोणाला आधी पत्र लिहावयाचे, कोणती पदवी वापरावयाची, यावर सारे फिसकटण्याची वेळ आली. तेव्हा मधल्या त्सुशिमाकरांनी दोन्हीकडची राजपत्रे चक्क बदलली आणि खोटे शिक्के मारले! पुढे त्सुशिमातील घरच्या भांडणात हे बिंग फुटले. १६३५ साली शोगुनपुढे निवाडा झाला. त्याने त्सुशिमाच्या सरदाराला निभावून नेले, बिंग फोडणाऱ्या कारभाऱ्याला हद्दपार केले आणि पुढील पत्रव्यवहारावर देखरेख करण्यास विद्वान भिक्षू नेमले. खोटेपणाचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु दोन रुसलेल्या भावांमध्ये निरोप नेताना त्यातले कटू शब्द गाळणारी एखादी आत्याबाई कोणत्या कुटुंबात नसते?

कोरियाने या वेळी दार उघडले ते डोळे उघडे ठेवून. पूर्वी जपानी वकील थेट राजधानीपर्यंत जात. १५९२ मध्ये त्यांच्या परिचयाच्या त्याच रस्त्यांनी फौजा गेल्या. म्हणून आता एखाददुसरा अपवाद वगळता जपान्यांना बुसानपुढे मज्जाव झाला. राजाला मुजरा करावयाचा तोही बुसानमध्येच, त्याच्या नावाच्या फलकापुढे. त्यांच्यासाठी ‘वेग्वान’ म्हणजे जपानी वखार बांधून देण्यात आली. प्रथम ती दुमोपो येथे होती. तेथे धक्का उथळ आणि वारा वाईट, म्हणून त्सुशिमाने अनेक वर्षे अर्ज केले आणि अखेर १६७८ साली छोर्यांग येथे, योंगदुसान टेकडीभोवती, नवी वखार उभी राहिली. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाला तेव्हा चार वर्षे झाली होती आणि सुरतेस, राजापुरास इंग्रजांच्या वखारी होत्या. म्हणजे वखार ही वस्तू काय असते हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते.

ही छोर्यांगची वखार सुमारे ८० एकरांची होती. नागासाकी येथे डच लोकांना दिलेल्या देजिमा बेटाच्या ती पंचवीसपट भरे. आत चारपाचशे त्सुशिमावासी राहत, आणि ते सारे पुरुष. बायका आणण्यास सक्त मनाई होती. महिन्यातून सहा दिवस मोठा बाजार भरे. जपानी चांदी, तांबे आणि दक्षिणेकडच्या समुद्रातून आलेले मिरे व धनुष्यासाठी लागणारी म्हशीची शिंगे कोरियात येत. कोरियन जिनसेंग आणि चिनी रेशीम जपानात जाई. शिवाय वखारीच्या दाराशी रोज सकाळी आसपासच्या खेड्यांतील माणसे भाजी आणि मासळी घेऊन बसत. दरबारांचे तह मोठ्या अक्षरांत लिहिले जातात. पण शांतता टिकते ती बहुधा असल्या सकाळच्या बाजारांवर.

नियम कठोर होते. १६८३ साली ते दगडावर कोरले गेले आणि तो शिलालेख आजही बुसानच्या संग्रहालयात पाहावयास मिळतो. हद्द ओलांडील त्याला देहान्त. चोरून उसनवारी किंवा व्यापार करील त्यालाही देहान्त. मात्र त्याच दगडावर असेही आहे की, चोरट्या उसनवारीत देणारा आणि घेणारा दोघेही सारखेच अपराधी, आणि शिधा घेऊन येणाऱ्या लहान कोरियन नोकरांना जपान्यांनी मारहाण करू नये. शिधा आणणाऱ्या गरिबाची आठवण ठेवणारा तह आम्हांला तरी विरळा वाटतो.

या वखारीत १७०३ साली आमेनोमोरी होशू हा जपानी पंडित येऊन राहिला. चिनी विद्येत पारंगत असलेल्या या गृहस्थाने वयाच्या पस्तिशीत मुलासारखे कोरियन भाषेचे धडे गिरवले. तोपर्यंत दरबारी व्यवहार चिनी लिपीतून चाले. तेवढ्यावर भागविणे सोपे होते. पण शेजाऱ्याची रोजची बोली न कळता त्याचे मन कळत नाही, असे त्याने ठरविले. त्याने कोरियन भाषा शिकण्यासाठी पुस्तक तयार केले आणि १७२७ साली त्सुशिमात दुभाष्यांची शाळा काढविली. पहिल्या बाजीरावाने पालखेडला निजामाला कोंडीत पकडले त्या १७२८ साली त्याने आपल्या धन्यासाठी एक टिपण लिहिले. एकमेकांस फसवू नये, भांडू नये, सचोटीने वागावे, हे त्याचे सार. हिदेयोशीच्या युद्धाला तो त्यात निष्कारण रक्तपात म्हणतो. १९९० साली कोरियाचे राष्ट्राध्यक्ष रो ते-वू यांनी टोकियोत या होशूचा आदराने उल्लेख केला, तेव्हा खुद्द जपानातल्या अनेकांना तो नव्याने ठाऊक झाला.

याच वाटेने १६०७ ते १८११ या काळात कोरियाची बारा शिष्टमंडळे जपानकडे गेली. निघण्यापूर्वी बुसानच्या किनाऱ्यावर समुद्रदेवतेची पूजा होई. १७६३ साली, म्हणजे पानिपतानंतर दोन वर्षांनी, निघालेल्या मंडळाचा प्रमुख जो ओम याने त्सुशिमात एक कंद पाहिला आणि बियाणे लगेच बुसानला धाडले. ते होते रताळे. आपल्या घरी उपवासाला उकडतो तेच. योंगदो आणि दोंगने भागात ते लावून पाहिले गेले आणि पुढे कोरियाभर दुष्काळात गरिबांचा आधार झाले. कोरियन लोक त्याला ‘कोगुमा’ म्हणतात. हा शब्द त्सुशिमाच्या बोलीतून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘मातापित्यांची सेवा करणारा कंद’ असा आहे. ज्या किनाऱ्यावरून तलवारी आल्या त्याच किनाऱ्यावरून भुकेल्यांचे अन्नही आले.

दोनशे वर्षे ही व्यवस्था टिकली. ती मोडली १८६८ नंतर, जपानात नवी राजवट आली तेव्हा. नव्या सरकारने १८७२ साली त्सुशिमाला बाजूला सारून वखार आपल्या ताब्यात घेतली. फेब्रुवारी १८७६ मध्ये युद्धनौकांच्या दडपणाखाली गांगह्वाचा तह झाला आणि बुसान ‘उघडले’, असे पाठ्यपुस्तके सांगतात. बुसान तर १४०७ पासूनच उघडत-मिटत आले होते! बदलले ते एवढेच की, दाराची किल्ली घरधन्याच्या हातून गेली. १८७७ मध्ये जुन्या वखारीचीच जागा जपानी वसाहत झाली. तेथे कोरियाचा कायदा चालेना. १८७८ साली कोरियाने बुसानला जकात बसवून पाहिली, तर जपानने युद्धनौका पाठवून ती उठविण्यास भाग पाडले. १९०५ मध्ये एका बाजूने सेऊलची रेल्वे आणि दुसऱ्या बाजूने जपानची आगबोट बुसानला येऊन मिळाली आणि १९१० मध्ये सारा देशच गिळला गेला. सुरतेच्या वखारीपासून कोणता प्रवास सुरू झाला हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

१९४५ साली कोरिया मुक्त झाला. पुढल्या कोरियन युद्धात बुसानने निर्वासितांना पोटाशी धरले. नोव्हेंबर १९५० मध्ये जखमींची शुश्रूषा करण्यास गेलेले आपल्या भारतीय सेनेचे वैद्यकीय पथकही याच धक्क्यावर उतरले होते. आज जुन्या वखारीच्या जागी योंगदुसान उद्यान आहे आणि त्याच्या पायथ्याच्या गजबजलेल्या वस्तीचे नाव ‘ग्वांगबोक’, म्हणजे मुक्ती. त्या बारा शिष्टमंडळांची कागदपत्रे मात्र २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसंग्रहात नोंदली गेली, ती कोरियन आणि जपानी संस्थांनी जोडीने केलेल्या अर्जावरून.

आमचे बहुतेक वाचक इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी दोन भाषांच्या उंबरठ्यावर पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेले आहेत. छोर्यांगच्या वखारीतल्या माणसांना तेथे मुलेबाळे वाढविता आली नाहीत, शेजारी करता आले नाहीत. आपल्याला ते भाग्य लाभले. घरात आपली भाषा नीट सांभाळावी आणि शेजाऱ्याची भाषा होशूप्रमाणे मनापासून शिकावी, या दोहोंत विरोध नाही. किल्ली आपल्या हाती असली म्हणजे दार उघडे ठेवण्याची भीती वाटत नाही, हे बुसानने आपल्या कडूगोड अनुभवाने सांगून ठेवले आहे.